फिल्टर पुन्हा गोठला

"ताई, फिल्टर पुन्हा गोठला," असं समीक्षा सिस्टरने आयसीयूच्या दारातून अर्धं बाहेर येत सांगितलं, आणि दर्शना तांबेने हातातला चहाचा कागदी कप होता तसा चुरगाळला. चहा आत होता. तो बोटांवरून ओघळून ओढणीवर सांडला. तिला ते कळलंही नाही.

"पुन्हा म्हणजे? सकाळी तर नवीन लावलेला."

"हो ताई. पण आत गाठी झाल्या. मशीन थांबलंय. दुसरा सेट लावतोय आम्ही. आणि रक्ताची आणखी एक पिशवी आणायला सांगितलीये सरांनी."

"फिल्टरमध्ये त्याचं रक्त होतं ते कुठे गेलं?"

समीक्षाने मागे मशीनकडे बघितलं. पंचविशीतली मुलगी, डोळ्यांखाली काळं, मास्क हनुवटीवर ओढलेला.

"कचऱ्यात ना? सांगा की. इकडून आम्ही लोकांच्या हातापाया पडून रक्त आणायचं, आणि तिकडून तुम्ही ते कचऱ्यात टाकायचं!"

दार बंद झालं. बाकावर बसलेल्या सासूबाईंनी, शांताबाईंनी, तिचा कुर्ता मागून ओढला. "गप बस गो. त्यांच्या हातात हाय आपला पोरगा."

"त्यांच्या हातात आहे म्हणूनच गप बसत नाही, आई."

दर्शनाचा नवरा प्रफुल्ल लिफ्ट दुरुस्त करायचा. बाळकुमच्या एका टॉवरमध्ये तो लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. वर कोणीतरी बंद केलेला स्विच चालू केला. का केला, कोणी केला, हे अजून कोणी कबूल करत नव्हतं. लिफ्ट खाली आली. त्याचे दोन्ही पाय अडकले आणि डोकं भिंतीवर आपटलं. अग्निशमन दलाने त्याला बाहेर काढेपर्यंत बराच वेळ गेला होता. नौपाड्यातल्या या हॉस्पिटलात आणल्यावर डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चिरडलेल्या स्नायूंमधलं विष रक्तात उतरलं आणि किडन्या बंद पडल्या. ब्लडप्रेशर इतकं खाली की नेहमीचं डायलिसिस त्याला झेपलं नसतं. म्हणून हे दुसरं मशीन, जे रक्त फिल्टरमधून हळूहळू, दिवसरात्र साफ करत राहतं. म्हणजे राहायला पाहिजे. ते दर थोड्या वेळाने बंद पडत होतं.

मानपाड्याला घराजवळच्याच एमआयडीसीतल्या पॅकिंग युनिटमध्ये दर्शना सुपरवायझर होती. तिथे एखादं मशीन दिवसातून दोनदा अडकलं तर ती मेकॅनिकला समोर उभा करून विचारायची, का अडकलं ते सांग, मग हात लाव. इथे तिला कोणी 'का' सांगत नव्हतं. "होतं असं." "पेशंट क्रिटिकल आहे." "सर राउंडला येतील तेव्हा विचारा." आणि सर राउंडला यायचे ते मागच्या दाराने.

तिला 'का' सांगितलं ते डॉक्टर योगिनी भोईरने. ती किडनीची डॉक्टर. मूळची बाळकुमचीच, गावठाणातली. सकाळी ती इथे असायची आणि दुपारनंतर डोंबिवलीच्या स्वतःच्या दवाखान्यात. त्या दुपारी ती निघता निघता जिन्याजवळ थांबली, कारण दर्शना तिच्या वाटेतच उभी होती.

"मॅडम, मला सोपं करून नका सांगू. खरं सांगा. त्याचं रक्त का गोठतंय?"

योगिनीने पर्स खांद्यावरून काढून कठड्यावर ठेवली. "रक्त शरीराबाहेर येऊन प्लास्टिकला लागलं की त्याला वाटतं, जखम झाली. ते गोठायला लागतं. त्यात त्याची चूक नाही, ते त्याचं काम करतंय."

"मग न गोठायचं औषध द्या."

"ते आहे, हेपारिन. नेहमी तेच देतो. पण ते सगळ्या अंगातलं रक्त पातळ करतं. प्रफुल्लच्या डोक्यात आधीच रक्तस्राव झालाय. हेपारिन दिलं आणि तिथे पुन्हा वाहायला लागलं, तर तो हातचा जाईल."

"म्हणजे दिलं तर डोकं जाणार, आणि नाही दिलं तर मशीन बंद पडणार."

"आणि मशीन बंद असतं तेवढ्या वेळात पोटॅशियम वाढतं. ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं."

"आणि तुम्ही सगळे बघत बसलाय!" दर्शनाचा आवाज जिन्यातून खालपर्यंत गेला. खाली कोणीतरी मान वर करून बघितलं.

योगिनी रागावली नाही. किंवा रागावली, पण दर्शनावर नाही. "तिसरा मार्ग आहे," ती म्हणाली. "सायट्रेट. रक्त मशीनमध्ये शिरतं तिथेच ते मिसळायचं. गोठायला रक्ताला कॅल्शियम लागतं. सायट्रेट ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून मशीनमध्ये रक्त गोठत नाही. आणि इकडे पेशंटला वेगळ्या नळीने कॅल्शियम द्यायचं, म्हणजे अंगातलं रक्त जसं आहे तसंच राहतं. डोक्याला धोका नाही. त्याचं लिव्हर चांगलं आहे, त्याला हे चालेल."

"मग थांबलाय कशाला?"

"त्याला सारखं लक्ष लागतं. मशीनमधलं कॅल्शियम तपासा, पेशंटचं तपासा, त्याप्रमाणे कमी-जास्त करा. आमचं मशीन जुनं आहे. कॅल्शियमचा पंप वेगळा लावावा लागतो. त्या पंपातलं औषध संपलं तर मशीनला पत्ता लागत नाही, ते सायट्रेट सोडतच राहतं. म्हणून एका मशीनजवळ एक नर्स पाहिजे, फक्त त्याच्यासाठी. तेवढ्या नर्स इथे नाहीत."

"नाहीत की ठेवत नाहीत?"

योगिनीने पर्स उचलली. "हे मला नका विचारू. ज्याला विचारायचं त्याला विचारा. तो पाचनंतर पार्किंगमध्ये भेटतो."

डॉक्टर अपूर्व कारखानीस हे आयसीयूचे प्रमुख आणि हॉस्पिटलचे एक मालकही होते. गोरे, शांत, आवाज कधी न चढवणारे. दर्शना त्यांच्या गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. ते आले, तिला ओळखलं, आणि मोबाईल खिशात ठेवून हसले.

"मिसेस तांबे, मी समजू शकतो. पण इंटरनेटवर वाचून उपचार ठरत नसतात."

"मी काही वाचलं नाही सर. मला एवढंच सांगा, सायट्रेट म्हणून काही असतं की नसतं?"

त्यांचं हसू जरासं मावळलं. "असतं. पण त्यात रिस्क आहे."

"आणि आत्ता काय चाललंय? ह्यात रिस्क नाही?"

"बघा, आमच्या सेटअपमध्ये..."

"सर, तुमच्या बोर्डावर लिहिलंय अत्याधुनिक. मी ते रोज वाचते. दुसरं वाचायला काही नाहीये तिथे. अत्याधुनिक आहे तर करा. नसेल तर आत्ता सांगा, मी त्याला मुंबईला हलवते."

"या परिस्थितीत हलवलं तर तो रस्त्यातच..."

"मग इथे करा!"

पार्किंगमधला वॉचमन जवळ आला. कारखानीसांनी त्याला हातानेच थांबवलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "ठीक आहे. डॉक्टर भोईर सुरू करतील. एक नर्स फक्त त्या मशीनसाठी राहील. पण तुमच्या आग्रहावरून हे होतंय, लक्षात ठेवा."

"आग्रह माझा," दर्शना म्हणाली, "पण डॉक्टर तुम्ही आहात. तेही लक्षात ठेवा."

सायट्रेट सुरू झालं, आणि फिल्टर टिकला. सकाळी लावलेला संध्याकाळी चालू होता, दुसऱ्या दिवशीही चालू होता. शांताबाई बाकावर बसून मनातल्या मनात त्रिसरण म्हणत होत्या, त्या पहिल्यांदा भिंतीला डोकं टेकून झोपल्या. पोटॅशियम खाली आलं. ब्लडप्रेशरचं औषध कमी झालं. भेटायच्या वेळी दर्शना आत गेली तर प्रफुल्लचा हात गरम लागला. तोंडात नळी, डोळे मिटलेले, चेहरा सुजलेला. तरी तिने त्याला सांगितलं, "चालू आहे मशीन. तू पण चालू राहा." मग पांघरुणाखाली डाव्या बाजूला जिथे काहीच उंचवटा नव्हता तिकडे तिचं लक्ष गेलं, आणि 'चालू राहा' म्हटल्याबद्दल तिने जीभ चावली.

त्यानंतरच्या दिवशी, संध्याकाळच्या भेटीच्या वेळी, ती आत शिरली तेव्हा कुठेतरी एक पंप वाजत होता. आयसीयूमध्ये सतत काहीतरी वाजत असतं. आधी तिने लक्ष दिलं नाही. मग तिला दिसलं की प्रफुल्लची बोटं आत वळली आहेत, ताठ, एकमेकांना चिकटलेली. गालाचा स्नायू थडथड उडत होता. वरच्या पडद्यावर ब्लडप्रेशरचा आकडा लाल झाला होता आणि तिच्या डोळ्यांदेखत आणखी खाली येत होता.

"सिस्टर!" ती ओरडली. "सिस्टर! अहो कोणी आहे का इथे?"

धावत आला तो आधी वॉर्डबॉय, मग ड्यूटी डॉक्टर. त्याने वाजणारा पंप बघितला आणि शिवी हासडली. कॅल्शियमची सिरिंज रिकामी होती. केव्हाची, देव जाणे. मशीन मात्र इमानेइतबारे सायट्रेट सोडत होतं. त्याने ते बंद केलं, ट्रॉलीचा खण उघडला, कॅल्शियमच्या काचेच्या कुप्या फोडल्या, हळूहळू नळीत ढकललं. पडद्यावरची रेघ वेडीवाकडी धावत होती. दर्शना पायाशी उभी होती. कोणीतरी तिला बाहेर जायला सांगत होतं, ती हलली नाही. थोड्या वेळाने बोटं सैल झाली. आकडा वर चढू लागला.

तेव्हा समीक्षा आली. धापा टाकत, हातमोजे अजून हातात.

दर्शनाने तिचा दंड धरला. नुसता धरला नाही, आवळला, आणि तिला भिंतीकडे रेटलं. "कुठे होतीस तू? मेला असता तो! तू मारलं असतंस त्याला! फोनवर होतीस ना? कुठे उलथली होतीस?"

समीक्षाची पाठ भिंतीला लागली. तिची टोपी एका बाजूला सरकली. डॉक्टरने दर्शनाला मागे खेचलं, तरी तिने दंड सोडला नाही. दाराशी शांताबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं होतं.

"हात सोड," त्या म्हणाल्या. "ती पण कोणाची तरी लेक हाय."

त्याच संध्याकाळी कारखानीसांनी दर्शनाला केबिनमध्ये बोलावलं. पाणी मागवलं. तिच्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं.

"घडलं ते अक्षम्य आहे," ते म्हणाले. "त्या नर्सवर मी ताबडतोब कारवाई करतो. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, की तिच्या निष्काळजीपणामुळे हे झालं. आणि सायट्रेट आता बंद. मी तुम्हाला आधीच रिस्क सांगितली होती."

दर्शनाने पेन उचललं. तिला त्या मुलीला संपवायचं होतं. दोन ओळी कशाला, पानभर लिहिलं असतं.

"तिचं आडनाव काय?"

"समीक्षा पाटोळे."

तिने 'समीक्षा' लिहिलं, आणि तिला ती मुलगी दिसली. आत्ता भिंतीपाशी उभी असलेली नव्हे, त्याच्या आधीची. दर्शना आयसीयूत शिरली होती, पंप वाजत होता, आणि पलीकडच्या टोकाच्या बेडवर, अर्धवट ओढलेल्या पडद्यामागे, कोणीतरी एका म्हाताऱ्याच्या तोंडावर मास्क दाबून दुसऱ्या हाताने हवेचा फुगा पिळत होतं. सारखं पिळत होतं. ती समीक्षा होती. दर्शनाने तिला पाहिलं होतं. पाहूनही 'फोनवर होतीस ना' असं ओरडली होती.

"सर, ती तेव्हा त्या आजोबांकडे होती."

"हो, त्यांची श्वासाची नळी निघाली होती. पण तिने हे सगळं मॅनेज करायला हवं होतं."

"सोडून आली असती तर ते गेले असते."

"मिसेस तांबे..."

"तुम्ही मला पार्किंगमध्ये सांगितलेलं, एक नर्स फक्त ह्या मशीनसाठी राहील. मग ती त्या आजोबांकडे काय करत होती?"

कारखानीसांनी चष्मा काढला, पुसला. "स्टाफ कमी होता आज. ऐन वेळी ॲडजस्ट करावं लागतं. ह्या आमच्या अंतर्गत गोष्टी आहेत."

"अंतर्गत." दर्शना उठली. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. "माझ्या नवऱ्याचं रक्त त्या मशीनमध्ये फिरतंय आणि तुम्ही म्हणता अंतर्गत? माणसं तुम्ही कमी ठेवायची आणि नाव त्या पोरीचं मी लिहून द्यायचं?"

तिने कागद फाडला नाही. त्यावर लिहिलेलं नाव गिचमिडून काढलं, इतक्या जोरात की खालच्या काचेवर पेनाच्या रेघा उमटल्या, आणि ती बाहेर आली.

बाहेर वेटिंगमध्ये नेहमीची माणसं होती. रोज एकमेकांना बघणारी, डबा पुढे करणारी, पण कोणाचं पेशंट कुठल्या बेडवर आहे याच्या पलीकडे न बोलणारी. दर्शना मधोमध उभी राहिली. तिचा आवाज फुटत होता.

"ते आजोबा कोणाचे? ज्यांची नळी आज निघाली?"

जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक माणूस उठला. साकेत त्याचं नाव, चरईत दुकान होतं त्याचं. "माझे वडील. का?"

"त्यांच्याकडे आज सिस्टर कोण होत्या?"

"समीक्षा."

"माझ्या मिस्टरांकडे पण समीक्षा. आणखी कोणाकडे समीक्षा?"

कोपऱ्यातल्या एका बाईने हात वर केला. कळव्याची होती, बहीण आत होती तिची. "आमच्याकडे पण तीच. दुपारपासून. जेवली पण नाही ती, मी बघितलंय."

"तीन पेशंट," दर्शना म्हणाली. "तिघंही व्हेंटिलेटरवर, आणि त्यात माझ्या माणसाचं हे मशीन. आणि एक मुलगी. आज तुमचे वडील वाचले कारण ती माझ्या नवऱ्याकडे आली नाही. उद्या ती माझ्या नवऱ्याकडे असेल. तेव्हा तुमचे वडील?"

साकेतचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो शांत माणूस दिसत होता. पण केबिनचं दार उघडणारा पहिला तोच होता, आणि त्याने ते ठोठावलं नाही.

पुढचा अर्धा तास केबिनमध्ये काय काय बोललं गेलं ते कोणालाच नीट सांगता आलं नसतं. सगळे एकाच वेळी बोलत होते. कळव्याची बाई रडत रडत शिव्या देत होती. कारखानीस सिक्युरिटीला फोन लावत होते आणि फोन उचलला जात नव्हता. तेवढ्यात डोंबिवलीहून योगिनी पोचली. ड्यूटी डॉक्टरने तिला कळवलं होतं. ती आधी आत जाऊन प्रफुल्लला बघून आली, मग केबिनच्या दारात उभी राहिली. कारखानीस तिच्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टर भोईर, तुम्हीच समजावा यांना. सायट्रेट इथे सेफ नाही, हे आता सिद्ध झालंय."

"नाही सर," योगिनी म्हणाली. "सायट्रेटने काही बिघडलं नाही. रिकाम्या सिरिंजने बिघडलं. मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं की एक नर्स तिथून हलता कामा नये. तुम्ही हो म्हणालात. आज दुपारी मी गेल्यावर तिला आणखी दोन बेड दिले. कोणी दिले?"

सगळ्या माना कारखानीसांकडे वळल्या.

"हे आपण नंतर बोलू," कारखानीस म्हणाले.

"आत्ताच बोलू. मशीन बंद आहे. त्याचं पोटॅशियम वाढायला लागलंय. मला आत्ता नर्स द्या, मी आत्ता सुरू करते. नाहीतर ह्या सगळ्यांसमोर सांगा, की देत नाही."

योगिनीचे ओठ पांढरे झाले होते. दर्शनाला कळलं की ही बाई भांडायला शिकलेली नाही. ती आज पहिल्यांदा भांडतेय, आणि याची किंमत तिला माहीत आहे.

दिली त्यांनी नर्स. वरच्या मजल्यावरून एक आली, संध्याकाळपासून ती प्रफुल्लच्या मशीनजवळून हलली नाही. तिला जेवायला जायचं असलं की दुसरी येऊन उभी राहायची. साकेतच्या वडिलांकडेही वेगळी आली. म्हणजे नर्स होत्या. इतके दिवस होत्याच. हे कळल्यावर दर्शनाला बरं वाटायला हवं होतं. तिला मात्र कारखानीसांच्या टेबलावरची ती काच उचलून आपटावीशी वाटली.

समीक्षा त्या दिवसानंतर दिसली नाही. विचारलं तर कोणी सांगे सुट्टीवर आहे, कोणी सांगे ड्यूटी बदलली. दर्शनाला तिच्याशी बोलायचं होतं. काय बोलायचं ते सापडत नव्हतं, म्हणून तिने फार जोर लावून विचारलंही नाही.

फिल्टर चालत राहिला. मग एके सकाळी लघवीच्या पिशवीत तळाला थोडं गढूळ पाणी जमलं. योगिनीने ती पिशवी उजेडात धरून अशी बघितली, जसं कोणी बाळाच्या तोंडाकडे बघावं. दुसऱ्या दिवशी जास्त. मग तोंडातली नळी निघाली. प्रफुल्लने डोळे उघडले, बराच वेळ छताकडे बघितलं, आणि घोगऱ्या आवाजात पहिलं विचारलं ते, "लिफ्ट कोणी चालू केली?"

दर्शना हसली आणि रडली. मग त्याने पायाबद्दल विचारलं. तेव्हा ती फक्त रडली, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्या दिवशी त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. सही करून पाय कापायला परवानगी देणारी तीच होती, म्हणून. "मला विचारायला थांबायचं होतंस," एवढंच तो म्हणाला. बेशुद्ध माणसाला कसं विचारायचं होतं, हे ती त्याला ओरडून सांगू शकली असती. तिने नाही सांगितलं. एवढा एक राग त्याच्याकडे राहू दे, असं तिला वाटलं.

घरी सोडायच्या दिवशी कारखानीस आले. सोबत कॅमेरावाला होता, आणि एक मुलगी, जी हॉस्पिटलचं पेज सांभाळते म्हणाली.

"मिस्टर तांबे, तुमची केस म्हणजे आमच्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे," कारखानीस म्हणाले आणि प्रफुल्लच्या खांद्यावर हात ठेवला. "सायट्रेट वापरून इतक्या गंभीर पेशंटचं यशस्वी डायलिसिस. एक फोटो घेऊया. मॅडम, तुम्ही पण या ना."

दर्शना पिशवीत औषधं भरत होती. ती सरळ झाली. "घेऊया. समीक्षाला बोलवा."

"कोण?"

"समीक्षा पाटोळे. तुम्हाला नाव चांगलं माहितीये सर, मला तुम्हीच सांगितलेलं. आणि योगिनी मॅडमला बोलवा."

पेजवाली मुलगी निरागसपणे म्हणाली, "समीक्षा सिस्टरना तर काढलं ना? आणि भोईर मॅडम पण आता इथे येत नाहीत. गेल्या आठवड्यापासून."

कारखानीसांनी तिच्याकडे पाहिलं. तिने कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन लावायला घेतली.

"हात काढा," दर्शना म्हणाली.

"काय?"

"त्याच्या खांद्यावरचा हात काढा. फोटो नाही. तुमच्या पेजवर त्याचं नाव दिसलं तर मी त्याच्या खाली सगळं लिहीन. सिरिंजसकट. साकेतभाऊ पण लिहितील, कळव्याच्या ताई पण."

प्रफुल्ल व्हीलचेअरवरून एकदा दर्शनाकडे, एकदा कारखानीसांकडे बघत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण त्याने स्वतःच खांदा झटकला.

समीक्षाचा पत्ता योगिनीने दिला. कल्याणला, स्टेशनपासून लांब, दुकानांच्या वर दोन मजल्यांचं छोटं हॉस्पिटल. दर्शना रविवारी दुपारी गेली. जिन्याला फिनाईलचा वास होता. समीक्षा आयसीयूच्या दारातच भेटली, तोच हनुवटीवरचा मास्क. दर्शनाला बघून तिचा हात नकळत दंडाकडे गेला.

"घाबरू नकोस," दर्शना म्हणाली. "माफी मागायला आलेय."

"बोला."

"मी तुला आजोबांकडे बघितलं होतं. तरी बोलले. हात पण उचलला तुझ्यावर. चुकलं माझं."

समीक्षाने दंडावरचा हात खाली घेतला. मग म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांच्याशी भांडलात ते मला कळलं. चांगलं केलंत. पण तुम्ही आधी माझ्याशी भांडलात. सगळे आधी आमच्याशीच भांडतात. सरांपर्यंत पोचेस्तोवर तुमचं अर्धं ओरडून झालेलं असतं." तिच्या आवाजात रडू नव्हतं. राग होता, थंड, जुना. "तो पंप मला ऐकू येत होता. माहितीये तुम्हाला? मी फुगा पिळत होते आणि मला ऐकू येत होतं. मी ओरडले पण. कोणी नव्हतंच ऐकायला. अजून ऐकू येतो मला."

दर्शना जिन्याच्या कठड्याला टेकली.

"मिस्टर कसे आहेत?" समीक्षाने विचारलं.

"बरा आहे. चिडलाय. जयपूर फूट बसवायचाय."

"चिडू दे. चिडलेले पेशंट जगतात." आतून घंटी वाजली. समीक्षाने मास्क वर ओढला.

"इथे किती पेशंट देतात तुला?" दर्शनाने विचारलं.

"चार."

दर्शनाने मान वळवली. कॉरिडॉरच्या टोकाला 'संचालक' अशी पाटी होती आणि दार अर्धं उघडं होतं. ती एक पाऊल तिकडे वळलीच होती. समीक्षाने तिचं मनगट धरलं. तिची पकड घट्ट होती.

"नको ताई. इथे नको. तिथून काढल्यावर दोन ठिकाणी मला नाही म्हणाले. ही नोकरी मला पाहिजे."

"पण चार..."

"मला मोजता येतं. मी आणि इथल्या बाकीच्या पोरी बघतोय काय करायचं ते. आम्ही करू. तुम्ही आज जा."

ती आत गेली. दार तिच्यामागे हलत राहिलं, मग थांबलं.

दर्शना खाली रस्त्यावर आली. ऊन मी म्हणत होतं. तिने रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने विचारलं कुठे जायचं, तर ती "मानपाडा!" असं इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या फळवाल्याने मान वळवली.

"अहो बाई, ओरडता कशाला? ऐकू येतं मला."

"येतं ना?" ती आत बसत म्हणाली. "मग चला."